फूल न तोडता घरी न्यायचं कसं?



उसाला तुरा आला की आपल्या कपाळाला आठी पडते. तोड कधी मिळेल, उतारा किती घसरेल, एवढंच डोक्यात. त्याखेरीज फुलाकडे वाकून बघायला सवड कुणाला?

आपल्यापैकी अनेकांची मुलं नोकरीनिमित्त उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहतात. तिथं कारखाने आणि इमारतींखेरीज काय असणार, असं वाटतं. पण पावसाळ्यात मुलाकडे गेलात तर बदलापूरहून बारवी धरणाच्या किंवा कोंडेश्वराच्या वाटेला जरूर जा. (धबधब्याच्या पाण्यात मात्र उतरू नका.)

मृगाच्या सुमारास तिथल्या बाजारात ठाकर, कातकरी बाया शेवळाच्या जुड्या आणतात. काकडाची फळं न घालता ही भाजी केली तर घसा खाजलाच म्हणून समजा! ही भाजी म्हणजे न उमललेला फुलोरा. जुडीत आला तो उमलायचा राहिला. उमललेलं शेवळं रानातच बघावं लागतं. दांड्याच्या बुडाशी बारीक मादी फुलं, त्यांच्यावर नर फुलं; पान मागाहून येतं. पुढं श्रावणात कुंपणावर कळलावी फुलते. तिच्या सहा पाकळ्या मागं वळलेल्या, खाली पिवळ्या, वर लाल. तिचा कंद जहरी, पोरांना हात लावू देऊ नका.

अशा फुलाचा फोटो घ्यायचा तर गुडघे टेकावे लागतात. कॅमेरा जितका जवळ, तितका फोकस उथळ. पुंकेसर स्पष्ट येतो आणि पाकळी पुसट होते. कॅमेऱ्याचं छिद्र बारीक करावं तर उजेड कमी पडतो, शटर मंद होतं आणि वाऱ्यानं फूल हलतं. म्हणून सकाळी वारा पडलेला असतानाच जावं. सावलीच्या बाजूला पांढरा कागद धरला की उजेड सारखा होतो. मोबाईल फार चिकटवू नये. थोडं मागं सरून फोटो घ्यावा, नंतर कापावा. पुण्याचे इंजिनिअर श्रीकांत इंगळहळीकर यांनी अशीच रानफुलं टिपून २००१ साली ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे पुस्तक काढलं.

हीच युक्ती फडातही चालते. २००२ साली लोकरी माव्यानं आपल्याला रडवलं, तो बसतो पानाच्या खालच्या बाजूला. पान उलटून, शेजारी रुपयाचं नाणं धरून जवळून फोटो घ्यावा आणि त्याच दिवशी गट ऑफिसात दाखवावा.