काटा तोच, परकराची नाडी मात्र आखूड

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या लोणी देवकरमध्ये कुणी उसाच्या रानात राबते, कुणी एमआयडीसीतल्या कारखान्यात. पंचेचाळिशी ओलांडून पाळी मागेपुढे होऊ लागली की तक्रार एकच: "खाणं तेच, रोज चालतेसुद्धा, मग हे पोट कुठून आलं?" सल्ले फुकट मिळतात. त्यातले बरेच चुकीचे असतात.

गैरसमज: पाळी जाताना शरीर कॅलरी कमी जाळू लागतं.

वस्तुस्थिती: २०२१ साली 'सायन्स'मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचं आकारमान हिशेबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. पाळी जाण्याच्या वयातही तो घसरलेला दिसला नाही. बदलते ती शरीराची घडण. अमेरिकेतल्या 'स्वान' अभ्यासात बायकांना वर्षानुवर्षं तपासलं गेलं. पाळी जाण्याचा काळ सुरू होताच चरबी वाढण्याचा वेग दुप्पट झाला, स्नायू घटू लागले, आणि शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षं हे चाललं. वजन मात्र पूर्वीच्याच संथ गतीनं वाढत होतं. शिवाय इस्ट्रोजेन घटलं की मांड्यांऐवजी पोटावर चरबी साठू लागते. म्हणजे बाईच्या निग्रहात खोट नसते.

गैरसमज: वजन आटोक्यात, म्हणजे सगळं ठीक.

वस्तुस्थिती: याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! हे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये फोटोसकट छापून आलं. दिसायला सडपातळ, आत चरबी, ही आपली ठेवण. त्यामुळे काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. भारतीय बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत असावी.

गैरसमज: रानात राबते, वेगळा व्यायाम कशाला?

वस्तुस्थिती: खुरपणीनं कंबर मोडते, पण स्नायू वाढायला हळूहळू वाढत जाणारा भार लागतो. त्यात ठिबक आणि तणनाशकानं बरीच मेहनत कमीही केली आहे. चालणं हृदयाला, साखरेला चांगलं. स्नायूंना तेवढं पुरत नाही. आठवड्यातून दोनदा हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीला रेटून दंड, दोन्ही हातांत भरलेल्या बाटल्या घेऊन उचलणं, एवढं तरी हवं.

गैरसमज: घरचं खाणं म्हणजे योग्य खाणं.

वस्तुस्थिती: साठ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. भाकरी आणि पातळ आमटीवर तो आकडा गाठला जात नाही. मटकी, हरभरा, दही, अंडी ताटात यायला हवीत. उपवासाच्या साबुदाण्यात तर पिष्टाखेरीज फारसं काही नसतं.

गैरसमज: हार्मोनच्या गोळ्यांनी बाई फुगते.

वस्तुस्थिती: खोट्या गोळ्यांशी तुलना करून घेतलेल्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. गोळ्या घ्यायच्या की नाहीत, हे डॉक्टरांनी ठरवावं.

मात्र थोड्याच महिन्यांत वजन भराभर वाढलं, सारखा थकवा आला, थंडी सोसेना, तर ते पाळीच्या नावावर खपवू नका. आधी थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या.