कोच हाकला, म्हाताऱ्यांना घरी बसवा : फुटबॉल चाहत्याच्या रागातून संशोधनाचा एक धडा

14 ऑक्टोबर 2025 ला गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारतीय फुटबॉल संघ सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या आशिया चषकात जाण्याची आशा संपली. अशा पराभवानंतर चाहत्यांच्या तोंडून दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, "कोच हाकला." दुसरं, "या म्हाताऱ्यांना अजून किती दिवस खेळवणार?"

राग समजण्यासारखा आहे. इगोर स्टिमॅच 2019 पासून कोच होते. जानेवारी 2024 च्या आशिया चषकात त्यांच्या संघाने तीन सामने खेळले, तिन्ही हरले आणि एकही गोल केला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्ताननेही हरवलं. जूनमध्ये स्टिमॅच गेले. मग मानोलो मार्केझ आले : 8 सामने, 1 विजय, 4 बरोबरी, 3 पराभव. तेही गेले. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील आले. सुरुवातीलाच ताजिकिस्तानला हरवलं, काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. चाहते खूश! आणि मग मडगाव.

तुम्ही म्हणाल, संशोधनाच्या ब्लॉगवर हे काय चाललंय? पण पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी या दोन वाक्यांकडे नीट बघावं. "कोच बदलला की संघ सुधारतो" हे एक गृहीतक आहे. "वय झालं की खेळाडू संघाला जड होतो" हे दुसरं. दोन्ही तपासता येतात, आणि दोन्ही तपासताना लोक ज्या खड्ड्यात पडतात, त्याच खड्ड्यात दरवर्षी कितीतरी सिनॉप्सिस पडतात.

आधी फासा टाकून बघा

एक फासा घ्या. 1 किंवा 2 पडला तर विजय, 3 गुण. 3 किंवा 4 पडला तर बरोबरी, 1 गुण. 5 किंवा 6 पडला तर पराभव, 0 गुण. हा तुमचा संघ. त्याची कुवत कधीच बदलत नाही, कारण फासा तोच आहे. सरासरी एका सामन्यामागे 1.33 गुण.

आता 20 सामन्यांचा हंगाम खेळा आणि एक नियम ठेवा : सलग तीन पराभव झाले की कोच हाकलायचा. गणित केलं तर असे 10 संघ खेळवल्यावर साधारण 4 संघांवर हंगामात एकदा तरी ही वेळ येते. म्हणजे कोणाचंही काही चुकलेलं नसताना चार कोच घरी जातात!

पुढची गंमत बघा. हाकलण्याआधीच्या तीन सामन्यांत गुण होते 0. त्यानंतरच्या तीन सामन्यांत सरासरी किती मिळतील? 4. फासा तोच, खेळ तोच, पण वर्तमानपत्रात मथळा येणार : नव्या कोचने संघात जान आणली.

याला संख्याशास्त्रात 'रिग्रेशन टू द मीन' म्हणतात, म्हणजे सरासरीकडे परतणं. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींवरून ते दाखवलं. खूप उंच आईवडिलांची मुलं सरासरीने उंच असतात, पण आईवडिलांइतकी नाही. कुठलंही माप जेव्हा कुवत आणि योगायोग यांच्या मिश्रणातून बनतं, तेव्हा टोकाच्या मापानंतरचं माप बहुतेक वेळा मधल्या बाजूला सरकतं. त्यासाठी कोणी काही करावं लागत नाही.

कोच नेमका कधी बदलतात? संघ तळाला गेल्यावर. तिथून पुढे बहुधा वरच जायचं असतं. म्हणून "आधी काय होतं, नंतर काय झालं" एवढीच तुलना केली, तर जवळजवळ प्रत्येक नवा कोच हुशार ठरतो आणि प्रत्येक जुना नालायक.

मग तुलना करायची कशाशी?

तुलना करायची ती "कोच बदलला नसता तर काय झालं असतं" याच्याशी. न घडलेल्या या गोष्टीला 'काउंटरफॅक्च्युअल' म्हणतात. ती दिसत नाही, म्हणून तिच्या जवळपास जाणारं काहीतरी शोधावं लागतं. संशोधन पद्धतीचं अर्धं शास्त्र म्हणजे हा शोधच आहे.

नेदरलँड्समधल्या यान व्हॅन ऊर्स आणि मार्टिन व्हॅन टाऊल या अर्थशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बघा. त्यांनी डच लीगचे 14 हंगाम घेतले. बुकी लोकांच्या भावावरून प्रत्येक सामन्यात संघाकडून किती गुण अपेक्षित होते हे काढलं आणि प्रत्यक्ष गुण त्यापेक्षा किती कमी पडले ते मोजलं. हंगामाच्या मध्यात कोच हाकलला गेला, ती प्रकरणं एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला अशी प्रकरणं, जिथे संघ तितकाच घसरला होता पण कोच कायम राहिला. निष्कर्ष काय? कोच बदललेले संघ सुधारले. आणि कोच न बदललेले संघही तसेच सुधारले.

यावरून "कोचमुळे काहीच फरक पडत नाही" असं म्हणायचं नाही. निष्कर्ष एवढाच की संघ गाळात असताना, हंगामाच्या मध्यात कोच हाकलल्याने जो फायदा दिसतो, तो सरासरीने बघता बदलाचा नसतो. निष्कर्ष जेवढा आहे तेवढाच सांगायचा, ही सवय आत्तापासून लावून घ्या. व्हायवाला उपयोगी पडेल.

दोन गोष्टी एकदम बदलल्या तर

आता आपल्या मुंबई सिटीकडे या. 2015 च्या आयएसएलमध्ये निकोला आनेल्का खेळाडूही होता आणि मॅनेजरही. आठ संघांत मुंबई सहावी आली. 2016 मध्ये कोच म्हणून अलेक्झांद्रे गिमाराइश आले आणि त्याच वर्षी 37 वर्षांचा दिएगो फोर्लान संघात आला. मुंबई 14 सामन्यांत 23 गुण घेऊन साखळीत पहिली. फोर्लानने केरळ ब्लास्टर्सविरुद्ध हॅट्ट्रिक केली, मुंबई 5-0 ने जिंकली.

श्रेय कोणाचं? कोचचा चाहता म्हणेल कोचचं, फोर्लानचा चाहता म्हणेल फोर्लानचं. या माहितीवरून उत्तर देता येत नाही, कारण दोन्ही बदल एकाच वेळी झाले. याला 'कन्फाउंडिंग' म्हणतात, मराठीत आपण परिणामांची सरमिसळ म्हणू. पुढच्या हंगामात गिमाराइश राहिले, फोर्लान नव्हता आणि मुंबई सातवी आली. "बघा, सगळं फोर्लानचंच होतं!" असं म्हणायचा मोह होतो. पण त्या हंगामात संघ आठाचे दहा झाले होते आणि सामनेही वाढले होते. म्हणजे पुन्हा सरमिसळ.

याच क्लबमध्ये एक तुलनेने स्वच्छ उदाहरणही सापडतं. नोव्हेंबर 2023 मध्ये डेस बकिंगहॅम यांनी मुंबई सोडली, पण संघ हरत होता म्हणून नव्हे. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडने त्यांना बोलावलं म्हणून. त्यांच्या जागी पेत्र क्रात्की आले आणि 4 मे 2024 ला मुंबईने मोहन बागानला 3-1 ने हरवून आयएसएल कप जिंकला. इथे बदलाचं कारण निकालांच्या बाहेरचं होतं, त्यामुळे तळाला गेल्यावर बदल होण्याची भानगड नाही. अभ्यासक अशा बदलांच्या शोधात असतात. अर्थात हे एकच उदाहरण आहे, एका उदाहरणावर सिद्धान्त उभा राहत नाही.

सोलापूरच्या ढगांनाही हाच प्रश्न

कोच कोणाचा बदलायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवता आलं असतं, तर उत्तर सोपं झालं असतं. क्लबचे मालक ते करू देणार नाहीत. ढगांच्या बाबतीत मात्र ते करता येतं, आणि ते आपल्या सोलापुरात झालंय.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात विमानातून ढगांवर बीजारोपणाचा प्रयोग केला. आपण पर्जन्यछायेत राहतो, त्यामुळे कृत्रिम पाऊस हा आपल्याकडे चेष्टेचा विषय नाही. पण अडचण तीच. वैमानिकाने काळाभोर, भरलेला ढग निवडला, त्यावर फवारणी केली आणि पाऊस पडला, तर तो फवारणीने पडला की पडणारच होता? म्हणून या प्रयोगात योग्य वाटणाऱ्या ढगांपैकी कोणावर फवारणी करायची आणि कोणाला तसंच सोडायचं, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं गेलं. मग दोन्ही गटांची तुलना झाली. पाऊस सरासरी सुमारे 18 टक्के वाढल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. न फवारलेले ढग म्हणजे आपले न हाकललेले कोच. त्यांच्याशिवाय फवारलेल्या ढगांबद्दल काहीच सांगता येत नाही.

आता म्हाताऱ्यांकडे वळू

सुनील छेत्रीचा जन्म 3 ऑगस्ट 1984 चा. 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. 2024-25 च्या आयएसएलमध्ये बेंगळुरूसाठी त्याने 14 गोल केले, भारतीय खेळाडूंत सर्वाधिक. मार्च 2025 मध्ये, चाळिशीत, तो राष्ट्रीय संघात परतला आणि मालदीवविरुद्ध गोलही केला. काही चाहते म्हणाले, "बघा, वय हा फक्त आकडा आहे." बाकीचे म्हणाले, "चाळिशीचा माणूस परत बोलवावा लागतो, याची लाज वाटली पाहिजे."

पहिल्या वाक्यात एक सापळा आहे. पस्तिशी-चाळिशीतले खेळाडू गोळा करून त्यांची सरासरी काढली, तर ती बरी दिसते. का? कारण ज्यांचा खेळ तिसाव्या वर्षीच उतरला ते कधीच निवृत्त झाले, ते तुमच्या आकड्यांत नाहीतच. उरले ते मुळातच असामान्य. याला 'सर्व्हायव्हरशिप बायस' म्हणतात, आपण उरलेल्यांचा पूर्वग्रह म्हणू. उपाय असा की वेगवेगळ्या वयाच्या वेगवेगळ्या माणसांची तुलना न करता एकाच खेळाडूचं हे वर्ष त्याच्याच पुढच्या वर्षाशी ताडून बघायचं. त्यानेही गळालेले खेळाडू परत येत नाहीत, पण चूक कमी होते.

दुसऱ्या वाक्यात तुलना चुकीच्या माणसाशी आहे. 41 वर्षांचा छेत्री 30 वर्षांच्या छेत्रीपेक्षा संथ असणारच. फुटबॉलपटूची भरभराट साधारण विशीच्या उत्तरार्धात असते. पण निवड समितीसमोर तिशीतला छेत्री उपलब्धच नसतो. त्यांच्यासमोरचा प्रश्न असा असतो : आज, या जागेसाठी, जे आहेत त्यांच्यात चांगला कोण? म्हातारा खेळाडू संघात दिसतो म्हणून राग त्याच्यावर निघतो. न दिसणारी गोष्ट ही, की त्याला बाहेर बसवणारा तरुण स्ट्रायकर तयार झाला नाही. कोच आणि म्हातारा या दोघांना घालवलं तरी ती रिकामी जागा तशीच राहते. उलट, बदल केल्याचं समाधान मिळतं आणि खरं कारण शोधायचं राहून जातं.

तुमच्या सिनॉप्सिसला हे कसं लावाल?

समजा विषय असा आहे : चाचणीत सर्वांत कमी गुण पडलेले 30 विद्यार्थी निवडले, त्यांना एक महिना नव्या पद्धतीने शिकवलं, गुण वाढले. किंवा सांगोल्यातल्या तेल्या रोगाने सर्वांत जास्त बाधित डाळिंबाच्या बागा निवडल्या, जैविक फवारणी केली, रोग कमी झाला. दोन्हीकडे तळातले निवडले आणि आधी-नंतर मोजलं. म्हणजे तुम्ही कोच बदललात. आरआरसीत कोणीतरी विचारणारच, "कंट्रोल कुठे आहे?" आणि तो प्रश्न रास्त आहे, कारण तुमची फवारणी निरुपयोगी असूनही या पद्धतीने उपयोगी ठरली, तर पैसे शेतकऱ्याचे जातात.

म्हणून विषय लिहून झाला की स्वतःला तीन प्रश्न विचारा :

1. हे नमुने मी कसे निवडले? टोकाचे म्हणून निवडले असतील, तर काही न करताही ते किती सुधारले असते?
2. माझ्या उपायाबरोबर आणखी काय बदललं? ऋतू, शिक्षक, जागा, मोजणारा माणूस?
3. माझ्या आकड्यांतून कोण गळालं, आणि ते का गळालं?

पहिल्याचा इलाज सोपा आहे. तळातले 60 विद्यार्थी घ्या, चिठ्ठ्या टाकून 30-30 चे दोन गट करा. दुसऱ्या गटाला जुन्याच पद्धतीने शिकवा, आणि महिन्यानंतर नव्या पद्धतीचा फायदा त्यांनाही द्या. दुसरा गटही सुधारेल, बघाच. तुमच्या पद्धतीचं श्रेय म्हणजे दोन गटांच्या सुधारणेतला फरक, तेवढाच.

आणि फुटबॉल बघत असाल तर रागावणं सोडू नका. रागातूनच प्रश्न पडतात. फक्त "कोच हाकला" म्हणण्याआधी मनात दोन शब्द जोडा : "कशाच्या तुलनेत?"

या आठवड्याचा गृहपाठ : फासा 20 वेळा टाका, असे 10 संघ खेळवा आणि किती कोच विनाकारण घरी गेले ते कमेंटमध्ये लिहा. एक्सेल येत असेल तर हजार संघ खेळवा. पुढच्या लेखात त्याच आकड्यांवरून सॅम्पल साइज समजून घेऊ.