दोहा जवळ, सिरोंचा दूर

नागपूर ते दोहा हे हवाई अंतर सुमारे 2,800 किलोमीटर. विमानाला त्यासाठी चार तासांच्या आसपास लागतात. नागपूर ते दक्षिण गडचिरोलीतले सिरोंचा सरळ रेषेत जेमतेम 270 किलोमीटर, रस्त्याने पावणेचारशेच्या घरात. पण निघताना सात-आठ तास धरूनच निघावे लागते. आखातातून सिरोंच्याला परतणाऱ्याचा खरा लांबचा प्रवास नागपूरला उतरल्यावर सुरू होतो.

विमानाच्या वेळापत्रकातले तास जपून वाचावेत. दोहाचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणून जाताना चार तासांचा प्रवास कागदावर दीड तासाचा दिसतो आणि येताना साडेसहा तासांचा. शिवाय छापलेल्या वेळेत विमान जमिनीवर चालते तो वेळही धरलेला असतो. नागपूर-मुंबई अंतर 680 किलोमीटर, वेळ दीड तास. दोहा त्याच्या चौपट लांब, पण वेळ तिपटीहूनही कमी. चढणे-उतरणे दोन्हीकडे सारखेच, मधली सलग धाव मात्र लांब पल्ल्याला जास्त मिळते. हिवाळ्यात उंचावरचे पश्चिमी वारे जोरात असतात, तेव्हा पूर्वेकडे येणारे विमान आणखी लवकर पोहोचते.

देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा नागपूरने फार पूर्वी करून दिला आहे. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या शहरी परतत. चार महानगरांची पत्रे एका रात्रीत इकडची तिकडे होत. मला हा आपल्या विमानवाहतुकीतला सर्वांत देखणा हिशेब वाटतो.

त्या हिशेबात दक्षिण गडचिरोली कधीच आली नाही. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा 14,412 चौरस किलोमीटरचा, आणि कित्येक दशके त्यात रेल्वे स्थानक एकच, वडसा. आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्याकडे जाणारा रस्ता घनदाट जंगलातून जातो. पावसाळ्यात तो किती वेळ घेईल हे खड्डे ठरवतात. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्कच तुटतो. तेव्हा किलोमीटर मोजून उपयोग नसतो. आजाऱ्याला पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागते, नाहीतर हेलिकॉप्टरची.

चंद्रपूरजवळ मोरवा इथे धावपट्टी आहे. राजुरा तालुक्यात मूर्ती इथे मोठा विमानतळ करण्याचा प्रस्ताव आला, तो वनजमिनीच्या आणि वाघांच्या भ्रमणमार्गाच्या प्रश्नापाशी अडला. तो झाला तरी सिरोंचा, भामरागड, एटापल्लीच्या माणसाचे तास फारसे घटणार नाहीत. त्यांचे तास आलापल्लीच्या पुढे जातात. म्हणून पैसा आधी बारमाही रस्त्याला आणि उंच पुलांना मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुलाने काय होते, ते सिरोंच्यानेच पाहिले आहे. गोदावरीवर पूल झाला आणि पलीकडचे काळेश्वरम गाडीच्या टप्प्यात आले. तिथून वरंगळमार्गे हैदराबादचा विमानतळ तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नागपूरपेक्षा जवळ. परदेशातून सिरोंच्याला येणाऱ्यांनी तिकीट काढताना नागपूरसोबत हैदराबादचेही विमान जरूर पाहावे.