घड्याळाशी शर्यत

टाइम ट्रायलमध्ये घोळका नसतो. स्पर्धक ठरावीक अंतराने एकेकटे सुटतात, दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवायला बंदी. लागलेला वेळ हाच निकाल.

पॅरा-सायकलिंगमध्ये साध्या सायकलचे गट सी१ ते सी५. आकडा जितका लहान, तितकं अपंगत्व जास्त. हाताने चालवायच्या सायकली, तीनचाकी आणि दृष्टिहीनांसाठी जोडसायकल यांचे गट वेगळे. सी१ ते सी३ एकत्र धावले, तर अपंगत्वानुसार वेळेत सवलत मिळते. ती न्याय्यच आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या ज्योती गडेरिया याच एकत्रित गटातल्या. २०१६च्या रस्ते अपघातात त्यांनी पाय गमावला. पुढे हैदराबादच्या आदित्य मेहता फाउंडेशनमध्ये त्या घडल्या. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकच्या टाइम ट्रायलमध्ये त्या सोळाव्या आल्या. क्रमांक मागचा असेल. पण पॅरालिम्पिकमध्ये रस्त्यावरचं सायकलिंग १९८४पासून आहे आणि भारताचे सायकलपटू तिथे पोहोचले ते थेट २०२४मध्ये. आंध्रचे अर्शद शेख आणि ज्योती, असे दोघंच.

रस्त्यावर एक पाय गमावलेलं कुणी जिद्दीने सायकल मारताना दिसलं, तर त्याला ज्योतींचं नाव जरूर सांगा.