फवारणीच्या आधी फोटो : मोबाईलवर किडीचा जवळून फोटो कसा काढावा?



"मक्यात अळी पडलीय, कुठलं औषध मारू?" असा मेसेज येतो आणि सोबत धूसर फोटो. हिरव्या पानावर नुसता डाग दिसतो. त्यावरून औषध सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

*ओळख का महत्त्वाची?*
२००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला. डिफाची अळी आणि मायक्रोमस हे मित्रकीटक हा मावा खातात. पण डिफाची अळी माव्याच्या पांढऱ्या थरातच राहते, त्यामुळे वरवर बघितलं तर तीही कीडच वाटते. ती फवारणीत मेली की मावा मोकाट. ढालकिड्याची अळीही अशीच फसवते.

२०१८ मध्ये नवी लष्करी अळी आली, आधी कर्नाटकात आणि त्याच वर्षी आपल्याकडे. तिच्या डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' असतो आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. या दोन खुणा फोटोत दिसल्या की ओळख पक्की. अगदी बारीक अळीत मात्र त्या नीट दिसत नाहीत.

*फोटो असा काढा*
१. कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसा. घामाचा हात लागला की फोटो धूसर येतो.
२. सकाळी वारा कमी असताना काढा. पान एका हाताने स्थिर धरा.
३. मोबाईल किडीला चिकटवू नका. साधारण अर्धी वीत अंतर ठेवा. 'मॅक्रो' असेल तर तो लावा. झूम करू नका.
४. स्क्रीनवर किडीवरच बोट टेकवा, चित्र स्पष्ट झालं की मग बटण दाबा.
५. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.
६. फुलकिडे फार बारीक असतात. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका आणि कॅमेऱ्यासमोर भिंग धरून फोटो घ्या.

*तीन फोटो पाठवा*
– पूर्ण झाडाचा
– नुकसानीचा (मक्यात पोंगा उघडून, आतल्या विष्ठेसह, इतर पिकात पानाची खालची बाजूही)
– किडीचा वरून, डोकं आणि शेपटी दोन्ही दिसतील असा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोची स्पष्टता कमी होते, म्हणून 'एचडी' निवडा किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सोबत गाव, पीक, पिकाचं वय आणि आधीची फवारणी लिहा.

फोटोला दोन मिनिटं लागतात. चुकीच्या फवारणीत औषध आणि मजुरी वाया जाते, वर मित्रकीटकही मरतात. म्हणून आधी फोटो, मग पंप.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी