आळंदीला स्टेशन नाही

एकदा तरी पालखीबरोबर चालायचे, पंढरपूरपर्यंत नाही तर निदान एक दिवस, असे आपल्या बेटावरच्या कितीतरी घरांत आजोबांच्या काळापासून बोलले जात आहे. त्यातले थोडे लोक खरोखर निघतात. निघणारा मनुष्य पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो : आळंदीचे स्टेशन कोणते?

आळंदीला स्टेशन नाही. देहूलाही नाही. देहूरोड नावाचे स्टेशन आहे, पण ती लष्करी छावणीची वस्ती. तुकोबांचे देहू गाव तिथून सहा-सात किलोमीटर आत, इंद्रायणीच्या काठी. पुण्याच्या नव्या मेट्रोवर ‘संत तुकाराम नगर’ असेही एक स्थानक आहे. नाव वाचून हात जोडायला हरकत नाही, पण उतरू मात्र नये. ते पिंपरीत आहे!

२०२५ साली आम्ही इथून नऊ जण गेलो होतो. तेव्हा जे शिकलो ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहोत. आमच्यात थोरल्या काकू होत्या. वय बहात्तर, उजवा गुडघा अधू. काका गेल्यावर त्यांची तुळशीची माळ काकूंनी डब्यात जपून ठेवली होती. ती गळ्यात घालून पालखीबरोबर चालायचे, एवढेच त्यांचे मागणे होते. पंढरपूर त्यांनी मागितले नव्हते. म्हणूनच हा एक दिवस हुकू नये, अशी आम्हा सर्वांनाच धास्ती होती.

आधी तिथींचे सांगतो. तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, ज्ञानोबांची आळंदीहून अष्टमीला, आणि नवमीला दोन्ही पालख्या पुण्यात येतात. २०२५ साली हे दिवस १८, १९ आणि २० जून असे होते, आषाढी एकादशी ६ जुलैला. अधिक महिना मध्ये आला की सारे पुढे सरकते. २०२६ साली अधिक ज्येष्ठ, म्हणून एकादशी २५ जुलैला. तेव्हा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी पंचांग बघावे. आमच्या ओळखीचे एक कुटुंब मागल्या वर्षाच्या तारखा धरून गेले आणि पालखी निघून गेल्यावर आळंदीला पोचले.

आता रेल्वे. इथे आपली माणसे हमखास फसतात. मुंबईची लोकल आणि पुण्याची लोकल ही एकच गाडी, असा समज करून घेतात. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत येते. पुण्याची लोकल लोणावळ्याहून सुटते. मधल्या बोरघाटात लोकल नाहीच. तिथे लांब पल्ल्याच्या गाडीनेच चढावे लागते आणि कर्जतला तिला मागून जादा इंजिने लावतात. हा घाटातला लोहमार्ग १८६३ सालचा. आपल्या बेटावर पहिली आगगाडी धावली १८६४ साली, म्हणजे अवघ्या एका वर्षाने. आपली आगगाडी १९५६ साली उतारूंसाठी बंद झाली. घाटातली मात्र अजून चढते आहे. खिडकीशी बसून काकू हेच मनात घोळवत असाव्यात. लहानपणी त्या आपल्या गाडीत बसल्या होत्या.

मुंबई-पुणे गाड्यांचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि वारीच्या दिवसांत भराभर भरते. चिंचवडला थांबणाऱ्या गाडीची तिकिटे आम्हाला मिळाली नाहीत. हरकत नाही, लोणावळ्याला उतरू आणि लोकल पकडू, असे आम्ही ठरवले. ती चूक झाली. पुण्याची लोकल मुंबईसारखी तीन-चार मिनिटांनी येत नाही. सकाळ-संध्याकाळ ठीक, पण दुपारी मोठी पोकळी असते. आम्ही ऐन दुपारी लोणावळ्याच्या फलाटावर उतरलो आणि सामानावर बसून राहिलो. पाऊस, वडे आणि चहा. वेळापत्रक दर काही महिन्यांनी बदलते, तेव्हा आदल्या दिवशी स्टेशनवर विचारून घ्यावे हे उत्तम. फायदा एकच झाला. गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे सगळ्यांना बसायला जागा मिळाली.

तिकीट खिडकीवर मिळते आणि अगदी स्वस्त असते. आम्ही नऊ जणांची तिकिटे एकदम काढली आणि ती आमच्या एका भाच्याच्या खिशात राहिली. ही दुसरी चूक.

तळेगाव सोडल्यावर डबा वारकऱ्यांनी भरून गेला. चिंचवडला आम्ही उतरलो, म्हणजे आठ जण उतरलो. काकू दारापर्यंत आल्या तोच खालची गर्दी वर चढली आणि गाडी हलली. फलाटावर आमचे काय झाले ते लिहीत नाही. काकूंजवळ तिकीट नाही, तिथे चालणारा फोन नाही, यजमानांचा पत्ता नाही. पुढचे स्टेशन पिंपरी. भाचा रिक्षाने धावला. आम्ही मागच्या लोकलची वाट बघत बसलो.

काकू पिंपरीच्या फलाटावर एका बाकावर सापडल्या. लातूरकडच्या चार-पाच वारकरी बायका त्यांच्याभोवती बसल्या होत्या आणि काकूंच्या हातात भाकरी होती. गाव कोणते, असे त्या बायकांनी विचारले. काकूंनी सांगितले, वाक्वा. “हे कोणत्या तालुक्यात आलं, माऊली?” काकूंना त्याचे उत्तर देता आले नाही. समुद्रापलीकडे, एवढेच त्या म्हणाल्या. त्या बायकांनी मग अधिक काही न विचारता त्यांना जवळ बसवून घेतले.

रात्री यजमानांकडे नियम ठरला : जो गाडीत राहील त्याने पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच थांबायचे, हलायचे नाही. प्रत्येकाच्या खिशात त्याचे तिकीट आणि यजमानांचा फोन नंबर लिहिलेला कागद. हा नियम आम्ही घरूनच करून निघायला हवे होते.

त्याच रात्री दुसरा वादही झाला. तरुण मंडळींना आळंदीहून चालायचे होते आणि काकूंनाही तेच हवे होते, कारण काका माऊलींचे भक्त. आमचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, वारीतही चाललेले. ते म्हणाले, आळंदी ते पुणे वीस-बावीस किलोमीटर. दिघी, विश्रांतवाडीवरून जाणाऱ्या त्या वाटेला रेल्वे नाही. रस्ते बंद असतात, रिक्षाही मिळत नाही. गुडघ्याने दगा दिला तर काय करणार? तुकोबांची पालखी मात्र सप्तमीला देहूतच इनामदारवाड्यात राहते, अष्टमीला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि नवमीला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पुण्याला जाते. लोहमार्ग त्या रस्त्याच्या जवळजवळ सोबतीनेच जातो : चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर. थकले की लोकल गाठायची.

काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माऊलींची पालखी मला दिसणारच नाही?” पुण्यात त्या दिवशी दोन्ही पालख्या येतात, असे सांगून आम्ही त्यांची समजूत काढली. ती पुरती पटली असे वाटत नाही.

तेव्हा आम्ही दोन वाटा केल्या. तरुण मंडळी १९ तारखेला चिंचवडहून बसने निघाली, बस जिथे अडवली तिथून चालत आळंदीला गेली आणि प्रस्थान पाहून रात्री तिथेच एका धर्मशाळेच्या ओट्यावर राहिली. ज्यांना ओट्यावरची रात्र झेपणार नाही त्यांनी प्रस्थानाचा हट्ट धरू नये. प्रस्थानाच्या रात्री माऊलींचा मुक्काम आळंदीतच असतो आणि खरी चाल दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू होते.

काकू आणि आम्ही दोघे २० तारखेला अंधारातच चिंचवडहून उलट्या दिशेची लोकल धरून आकुर्डीला उतरलो. स्टेशनपासून मंदिर दीड-दोन किलोमीटर, पण विचारावे लागत नाही. टाळांचा आवाज येतो तिकडे जायचे. दिंड्यांना क्रमांक असतात, त्यांच्या ओळीत मध्येच घुसू नये, कडेने चालावे. महाशिवरात्रीला गंगा तलावाला पायी जाणाऱ्या आपल्या मुलांना रस्त्यावरचे अन्नछत्र नवे नाही. इथे मात्र केळे नाकारले तर देणाऱ्याला वाईट वाटते, म्हणून पिशवी रिकामी ठेवावी.

कासारवाडीपर्यंत काकू चालल्या, सुमारे आठ किलोमीटर. मग गुडघा सुजला. रस्त्यालगतच स्टेशन आहे. दुपारची पोकळी सुरू व्हायच्या आतली लोकल मिळाली आणि महिलांच्या डब्यात एका मुलीने उठून त्यांना जागा दिली. शिवाजीनगरला उतरून, पायाला गरम पट्टी बांधून, स्टेशनाजवळच्या चौकात एका दुकानाच्या पायरीवर त्या चार-पाच तास बसल्या. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. त्या उठल्या नाहीत.

संध्याकाळी तुकोबांचा रथ आला. काकू उठल्या आणि फर्ग्युसन रस्त्यावर थोड्या अंतरापर्यंत पुन्हा चालल्या. नंतर त्याच रस्त्याने माऊलींचा रथ आला. पुढच्या गर्दीत आमची तरुण मंडळी होती म्हणे, आम्हाला ती दिसली नाहीत. काकूंनी गळ्यातली माळ काढून हातात घेतली होती. रथ पुढे गेल्यावर ती पुन्हा गळ्यात घालून त्यांनी आम्हाला विचारले, परतीची लोकल किती वाजता आहे?

आम्ही वेळापत्रक यजमानांकडे विसरलो होतो.