दमणगंगेचे आभाळ

हवामानशास्त्राच्या पुस्तकात वादळाचा धडा बहुधा युरोपच्या नकाशाने सुरू होतो. पहिले महायुद्ध संपता संपता नॉर्वेतल्या बर्गेन शहरात विल्हेल्म बियर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा सहजी मिसळत नाहीत. दोघींमध्ये सीमा तयार होते, तिच्यावरून उबदार हवा वर चढते आणि पाऊस पडतो. युद्धाचे दिवस होते. या सीमेला नावही तिथूनच मिळाले – आघाडी, म्हणजे फ्रंट.

दादरा नगर हवेलीतल्या सिल्वासाच्या आभाळात असे फ्रंट येत नाहीत. उत्तर भारताला हिवाळ्यात पाऊस-बर्फ देणारे पश्चिमी विक्षोभ हे त्यांचे नातलग. त्यांचा प्रभाव कधी इतका खाली पोचला, तर आंब्याच्या मोहोरावर अवकाळी सरी पडतात, इतकेच. इथल्या पावसाचे गणित वेगळे आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय टीव्हीवरचा अंदाज इथल्या माणसाच्या फारसा कामी येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी वळीव पाहू. मेअखेरीस इथल्या खानवेलहून पूर्वेला पाहावे. सकाळी आभाळ कोरे असते. दुपारी तापलेल्या डोंगरांवर ढग उभे राहू लागतात, समुद्राकडून आलेली दमट हवा त्यांना पोसते. चढणारी हवा गार होते, वाफेचे पाणी होते आणि त्यात सुटलेली उष्णता हवेला आणखी वर ढकलते. दिवस कलता कलता ढगाचा माथा दहा-बारा किलोमीटर उंचीवर ऐरणीसारखा पसरतो. मग थेंब पडायच्या आधीच एकदम गार वारा सुटतो, पाचोळा उडतो, पत्रे वाजतात. पावसाने थंड आणि जड झालेली ढगातली हवा जमिनीवर आदळून पुढे धावत असते. तिची पुढची कड हीच इथल्या माणसाला अंगावर जाणवणारी एकमेव आघाडी. असा एकेक ढग तासाभरात विरतो. त्यामुळे आदल्या दिवशी विजांसह सरींची शक्यता तेवढी सांगता येते. नेमकी जागा कळते ती ढग रडारवर दिसल्यावर, दोन-तीन तास आधी. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. राब भाजणाऱ्या, आवण टाकणाऱ्या प्रत्येक घरात निदान एका फोनवर ते असायलाच हवे.

चक्रीवादळांचा गाजावाजा मोठा होतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आले, १७ मे २०२१ च्या रात्री ‘तौक्ते’ मुंबईसमोरून वर सरकत दीवजवळ धडकले. अरबी समुद्रातली वादळे बहुतेक पावसाळ्याच्या आगेमागे येतात. भर मान्सूनमध्ये खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांत इतका फरक असतो, की चक्रीवादळाची उभी रचना टिकत नाही.

भर पावसाळ्यात सिल्वासाला झोडपणारी यंत्रणा मात्र बिननावाची असते. तिचा शोध आपल्याच दारात लागला. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी मुंबईत हवामान केंद्र चालू होते, संशोधन विमाने अरबी समुद्रावर मोजमापे घेत होती. जुलै १९६३ मधल्या नोंदींवरून फॉरेस्ट मिलर आणि आर. एन. केशवमूर्ती यांनी एका वेगळ्याच भोवऱ्याचे चित्र उभे केले. ते १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा भोवरा जमिनीलगत क्षीण असतो आणि तीन ते सहा किलोमीटर उंचीवर जोमदार. त्यामुळे खालच्या वायुभारमापकाला त्याची फारशी चाहूल लागत नाही. ईशान्य अरबी समुद्र, दक्षिण गुजरात आणि उत्तर कोकण हे त्याचे हक्काचे क्षेत्र. तो कधी कधी कित्येक दिवस एकाच जागी रेंगाळतो. त्याच वेळी किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असला आणि वारा सह्याद्रीला अडून वर चढत राहिला, की एका दिवसात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. ज्याला आपण ‘आभाळ फाटले’ म्हणतो, त्यामागे पुष्कळदा ही शांतपणे ठाण मांडून बसलेली व्यवस्था असते.

हे पाणी पडते कुठे, यावर इथले सगळे अवलंबून आहे. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात उगम पावते आणि सुमारे १३१ किलोमीटर वाहून दमणला समुद्राला मिळते. वाघ नदी त्र्यंबक, मोखाडा, जव्हारकडचे पाणी तिच्यात आणते. ते मधुबन धरणात साठते आणि दरवाजे उघडले की सिल्वासा, वापी, दमण अशा क्रमाने खाली येते. ऑगस्ट २००४ च्या पुरात तिन्ही गावांनी ते अनुभवले. सिल्वासात उघडीप असतानाही नदी चढू शकते, कारण तिचा पाऊस घाटावर पडलेला असतो.

इथे अंदाजाची खरी अडचण येते. हवामान विभागाच्या नकाशावर दादरा नगर हवेली गुजरात उपविभागात मोडते, तिचा अंदाज अहमदाबादचे केंद्र देते. नदीचे पाणलोट असलेल्या पालघर आणि नाशिकचा अंदाज मुंबईहून येतो. नदी एकच, पण तिच्यासाठी बातमीपत्रे दोन वाचावी लागतात. पावसाला तर जिल्ह्याची हद्दही मोठी पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. मे २०२५ पासून पुण्याच्या महासंगणकावर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते, ही मोठी मजल आहे. पण संगणकाला खरी आकडेवारी पुरवायला डोंगरात पर्जन्यमापके दाट हवीत आणि रोज सकाळी साडेआठची नोंद चुकता कामा नये.

वाचकांना एक विनंती. ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ हे हवामान विभागाचे मोजमाप लक्षात ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये सिल्वासाचा इशारा पाहिलात, की लगेच पालघर आणि नाशिकचाही पाहा. तिथे लाल रंग असेल तर इथले ऊन बघून नदीकाठी जाऊ नका आणि मधुबनमधून किती क्युसेक पाणी सोडले, हे विचारल्याशिवाय पुलाखाली गाडी लावू नका.